बटणाचा रंग कोणाचा?



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलायचे ते इतिहासाच्या अभ्यासकांनी, असा आपल्याकडे रिवाज आहे आणि तो योग्यही आहे. मी अभ्यासक नाही. सातवीनंतर माझी शाळा सुटली. पुढे जे काही शिकलो ते सार्वजनिक वाचनालयात, गेटमीटिंगांत आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर. गेली तीसेक वर्षे कामगार संघटनेचे काम करीत आलो, आणि त्या कामात एक गोष्ट मनाशी पक्की झाली की, कारखान्यातल्या प्रत्येक खिळ्याला इतिहास असतो आणि तो ठाऊक नसला तर त्याची किंमत शेवटी कामगार मोजतो. म्हणून आज मी राजांचा किंवा लढायांचा नव्हे, एका बटणाच्या रंगाचा इतिहास सांगणार आहे. विषय क्षुल्लक वाटेल. पण या रंगापायी आमच्या एका सभासदाची बावीस वर्षांची नोकरी जाण्याची वेळ आली होती, म्हणून तो माझ्या लेखी क्षुल्लक नाही.

प्रथम ती हकीकत सांगतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. तेथे मोठ्या टाकीत द्रव भरणारा एक पंप होता. पूर्वी तो दोन खऱ्या बटणांनी चाले. पुढे जुने पॅनेल काढून त्या जागी काचेचा पडदा बसवला गेला. पडद्यावर चित्रातली बटणे. बोट लावले की काम व्हावे. ‘चालू’ हिरवे, ‘थांबवा’ लाल. एका रात्रपाळीत पंप वेळेवर थांबला नाही, टाकी भरून वाहिली आणि बरेच नुकसान झाले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. सकाळी ऑपरेटरच्या हातात आरोपपत्र पडले : कामात अक्षम्य हयगय.

त्याचा बचाव करायला मी उभा राहिलो. तो मला म्हणाला, “भाऊ, मी बटण दाबलं होतं. चांगलं दाबून धरलं होतं. ते निळं झालं, म्हणून मला वाटलं की पंप थांबला.” हे त्याने चौकशीतही सांगितले. तेव्हा चौकशी अधिकारी हसले. त्यांच्या फाईलमध्ये पडद्याचे छापील चित्र होते आणि त्यात ‘थांबवा’ हे बटण लालभडक होते. “निळे बटण या पडद्यावर नाहीच,” ते म्हणाले. खरे सांगायचे तर मलाही क्षणभर वाटले की, आपला माणूस घाबरून काहीतरी बोलतो आहे.

तरी मी प्रत्यक्ष यंत्रापाशी जाऊन पाहण्याचा आग्रह धरला. पंपाचा पुरवठा तोडून आम्ही सारे पडद्यापुढे उभे राहिलो. ऑपरेटरने लाल बटणावर बोट ठेवले आणि दाबून धरले. बटण फिकट निळे झाले. बोट उचलले तरी निळेच राहिले. आणि पंपाकडे हुकूम गेलाच नाही.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या तरुणाला बोलावण्यात आले. त्याने आपल्या प्रोग्रॅमची पाने दाखवली. त्यांत लाल रंग लिहिला होता, निळा कोठेही नव्हता. तो प्रामाणिक होता. तोही आमच्याइतकाच चकित झाला होता. मी विचारले, “मग हा निळा रंग दिला कोणी?” त्या खोलीत अधिकारी होते, इंजिनियर होते, प्रोग्रॅमर होता, उत्तर कोणापाशीच नव्हते. ते उत्तर शोधता शोधता मी दीडशे वर्षे मागे गेलो.

लाल म्हणजे थांबा आणि हिरवा म्हणजे चला, हे आपल्याला निसर्गनियमासारखे वाटते. ते तसे नाही. इंग्लंडातल्या आरंभीच्या रेल्वेमार्गांवर लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे जपून चला, आणि पांढरा म्हणजे रस्ता मोकळा, असा संकेत होता. पांढऱ्याचा दोष अनुभवाने कळला. सिग्नलाच्या दिव्यापुढची लाल काच फुटली की मागचा साधा उजेड पांढरा दिसे आणि ‘थांबा’चे आपोआप ‘चला’ होई. शिवाय रुळालगतच्या घरातला दिवाही तसाच दिसे. म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढरा मागे पडला आणि हिरव्याला बढती मिळाली. एवढे लक्षात ठेवावे की, काच फुटली तर काय दिसेल, हा प्रश्न त्या लोकांनी अपघातांतून शिकून घेतला. आमच्या पडद्याच्या बाबतीत तो कोणी विचारलाच नव्हता.

ज्या 1875 साली पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच वर्षी नोव्हेंबरात स्वीडनमध्ये लागरलुंडा येथे दोन आगगाड्यांची टक्कर होऊन नऊ माणसे दगावली. उप्साला विद्यापीठातले शरीरशास्त्रज्ञ फ्रिथियोफ होल्मग्रेन यांनी मत मांडले की, गाडीवरच्या माणसाला रंग ओळखता येत नसावेत. त्यांनी रंगीत लोकरीच्या लडींची एक चाचणी तयार केली. समोर ठेवलेल्या लडीशी जुळणाऱ्या लडी ढिगातून निवडून काढायच्या. ही चाचणी आधी स्वीडनमध्ये आणि मग इतर देशांत रेल्वेच्या नोकरांना द्यावी लागू लागली. चाचणीचा उपयोग मोठा झाला, हे नाकारता येणार नाही. रंगांधळा माणूस इंजिनावर असणे हा प्रवाशांच्या आणि त्याच्याही जिवाशी खेळ होता. परंतु 2012 साली मॉलन आणि कॅव्होनियस या संशोधकांनी जुनी कागदपत्रे पुन्हा तपासली आणि दाखवून दिले की, त्या अपघाताचे कारण रंगांधत्वच होते, हे कधी सिद्ध झालेले नव्हते. इंजिनाचा ड्रायव्हर टकरीत मेला होता. मेलेला माणूस चौकशीला उत्तर देत नाही. आमच्या धंद्यातला हा जुना अनुभव आहे : दोष कोठे ठेवावा हे कळेनासे झाले की तो हजर नसलेल्या माणसाच्या डोळ्यांत सापडतो.

आता कारखान्यातल्या बटणांकडे येऊ. चौकशीच्या तयारीसाठी मी यंत्रांच्या विद्युत्साहित्याचे आंतरराष्ट्रीय मानक, म्हणजे आयईसी 60204 चा पहिला भाग, एका इंजिनियर मित्राकडून समजावून घेतला. त्यात मला एक धक्काच बसला. यंत्र सुरू करण्याच्या बटणाला पहिली पसंती हिरव्याला नसून पांढऱ्याला आहे. हिरवा चालतो, लाल मात्र चालत नाही. नेहमीच्या थांबवण्याच्या बटणाला पसंती काळ्याची आहे. लाल चालतो, पण आणीबाणीच्या बटणाजवळ तो नसावा अशी शिफारस आहे. खरा लाल राखून ठेवला आहे तो आणीबाणीसाठी : पिवळ्या पार्श्वभूमीवरचे लाल मशरूम बटण. विचार केला की यातले शहाणपण कळते. रोज शंभर वेळा दाबायच्या बटणाला लाल दिले, तर संकटाच्या क्षणी लालाला अर्थच उरत नाही.

वीज वितरणाच्या पॅनेलवर तर चित्र उलटेच दिसते. आपल्याकडे ब्रेकर चालू असला, म्हणजे मार्ग जिवंत असला, की लाल दिवा लागतो, आणि ब्रेकर उघडा असला की हिरवा. तेथे लाल म्हणजे ‘हात लावू नका, वीज आहे’. एकाच कारखान्याच्या आवारात एका खोलीत लाल म्हणजे चालू आणि शेजारच्या शेडमध्ये लाल म्हणजे बंद. दोन्ही बरोबर आहेत, कारण दोन्हींमागे परंपरा आहे, आणि तेथे काम करणाऱ्याला ती हाताला धरून शिकवलेली असते. तात्पर्य, रंगाला स्वतःचा अर्थ नसतो. अर्थ हा माणसामाणसांतला करार असतो. करार करणारे कोण आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाला, हाच खरा प्रश्न असतो.

आता पडद्यावरच्या बटणाचा जन्म पाहू. 1984 साली ॲपल कंपनीचा मॅकिंटॉश संगणक आला, तेव्हा त्याचा पडदा काळा-पांढराच होता. बटण म्हणजे गोल कोपऱ्यांची एक चौकट. ते दाबले की पांढऱ्याचे काळे आणि काळ्याचे पांढरे होई. रंगच नव्हता, त्यामुळे रंगाची फसवणूकही नव्हती. 1990 साली मायक्रोसॉफ्टचे विंडोज 3.0 आले. त्यात करड्या रंगाची, वरून उजेड पडल्यासारखी, उठावाची बटणे होती. दाबले की ती आत गेल्यासारखी दिसत. खऱ्या बटणाची ती नक्कल होती.

याच सुमारास एक महत्त्वाचा विचार रुजला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने ‘करडा’ असा रंग न सांगता ‘बटणाच्या दर्शनी भागाचा जो रंग असेल तो’ असे सांगावे, आणि तो रंग कोणता हे संगणक वापरणाऱ्याने ठरवावे. 1992 च्या विंडोज 3.1 मध्ये रंगांच्या कितीतरी तयार योजना होत्या. त्यांतली ‘हॉट डॉग स्टँड’ नावाची लाल-पिवळी योजना भडकपणाबद्दल आजही लोकांच्या स्मरणात आहे. थट्टा बाजूला ठेवली, तरी मागचे तत्त्व मोठे होते. ज्याची नजर अधू आहे त्याने काळ्यावर पांढरी अक्षरे निवडावी आणि सगळ्या प्रोग्रॅमांनी ते मानावे. वापरणाऱ्याला दिलेला तो एक हक्क होता.

पण या हक्काबरोबर गोंधळाचे बीजही पडले. आता बटणाच्या रंगावर तिघांचा दावा झाला : यंत्रणा बनवणारी कंपनी, प्रोग्रॅम लिहिणारा आणि तो वापरणारा. 1991 साली व्हिज्युअल बेसिक हे साधन आले आणि हजारो लोक, ज्यांत आपल्याकडचे कितीतरी हौशी आणि छोटे व्यावसायिक होते, पुढे त्यावर प्रोग्रॅम लिहू लागले. बटणाच्या गुणधर्मांत पार्श्वरंगाची जागा होती. तेथे लाल लिहिले तरी बटण करडेच राही. नंतरच्या आवृत्त्यांत बटणाचा प्रकार आधी ‘ग्राफिकल’ करावा लागे, तेव्हा कोठे रंग उमटे. 2001 साली विंडोज एक्सपी आले. त्यात ‘थीम’ आली, आणि नेहमीची बटणे यंत्रणेच्या तयार चित्रांतून रंगवली जाऊ लागली. लिहिणाऱ्याने सांगितलेला रंग कित्येक ठिकाणी गुमान बाजूला पडला. ‘मी सांगितला तो रंग का येत नाही?’ हा प्रश्न तेव्हापासून प्रोग्रॅमरांच्या प्रत्येक पिढीने विचारलेला आहे.

रंगाच्या आकड्यांतही असाच घोळ होता. संगणकावरचा प्रत्येक रंग लाल, हिरवा आणि निळा यांच्या मिश्रणातून होतो. प्रत्येकाच्या 0 ते 255 अशा 256 पायऱ्या, म्हणजे एकूण 1 कोटी 67 लाखांवर रंग. पण हे तीन आकडे कोणत्या क्रमाने लिहायचे? वेबपानांवर आधी लाल, मग हिरवा, शेवटी निळा. विंडोजच्या जुन्या रीतीत लिहिताना निळा आधी आणि लाल शेवटी. त्यामुळे एकीकडचा शुद्ध लाल जसाच्या तसा दुसरीकडे नेला की शुद्ध निळा होतो. नावांची कथा आणखी गमतीची. वेबच्या रंगनावांत ‘ग्रे’ हे नाव एका परंपरेतून आले आणि ‘डार्क ग्रे’ एक्स-इलेव्हन या दुसऱ्या यंत्रणेच्या यादीतून. पहिल्यातल्या करड्याचे आकडे 128, दुसऱ्यातल्या गडद करड्याचे 169. आकडा मोठा तितका उजेड अधिक. परिणाम असा की, ‘गडद करडा’ हा नुसत्या करड्याहून फिका आहे, आणि तो आजतागायत तसाच आहे. दोन कारखाने एकत्र झाले आणि दोघांच्या वेतनश्रेणी न जुळवता एकाच कागदावर उतरवल्या, म्हणजे हेल्परचा पगार फिटरपेक्षा जास्त दिसू लागतो, तसाच हा प्रकार.

आता आमच्या निळ्या रंगाकडे येतो. 2006 साली मायक्रोसॉफ्टने डब्ल्यूपीएफ नावाची नवी रचना आणली. तिच्यात बटणाचे वागणे आणि बटणाचे रूप वेगळे केले गेले. रूप एका साच्यात असते, ज्याला ‘टेम्प्लेट’ म्हणतात. लिहिणारा बटणाला लाल रंग देतो, तो साचा स्वीकारतो आणि बटण लाल दिसते. परंतु साच्यात काही कलमे आधीच लिहिलेली असतात. माऊसचा बाण बटणावर आला तर आतल्या भागाला अमुक रंग द्यावा, बटण दाबले गेले तर तमुक. ही कलमे साच्याच्या आतल्या भागालाच रंग लावतात. लिहिणाऱ्याचा लाल बाहेर राहतो. 2012 च्या विंडोज 8 बरोबर आलेल्या साच्यात बाण वर आला की लागणारा रंग आहे लाल 190, हिरवा 230, निळा 253. हाच तो फिकट निळा. म्हणून प्रोग्रॅमच्या पानांत तो सापडत नव्हता. तो प्रोग्रॅमरने लिहिलेला नव्हता. त्याने न वाचलेल्या साच्यात होता.

माऊस असलेल्या कचेरीत याने फारसे बिघडत नाही. बाण आला, निळे झाले. बाण गेला, लाल झाले. पण आमच्याकडे माऊस नव्हता, बोट होते. बोटाच्या स्पर्शाला यंत्रणा माऊसच्या भाषेत उतरवते. बोट उचलले तरी बाण तेथेच आहे असे ती धरून चालते, म्हणून निळा रंग रेंगाळतो. आणि सर्वांत घातक गोष्ट अशी की, बोट जरा वेळ दाबून धरले तर यंत्रणा त्याचा अर्थ माऊसचे उजवे बटण दाबले असा लावते. ‘थांबवा’चा हुकूम मग निघतच नाही. बावीस वर्षे ज्या माणसाने लोखंडी बटण अंगठ्याने घट्ट दाबून धरले, त्याने काचेवरही तेच केले. त्याच्या हाताला जी सवय चांगल्या कामगाराची म्हणून लागली होती, तीच येथे त्याच्यावर उलटली. लाल बटणाला हात लागला तेव्हा लाल नाहीसा झाला, निळा आला, आणि त्या निळ्याचा अर्थ त्याने ‘हुकूम पोचला’ असा घेतला. दुसरा कोणता अर्थ त्याला कोणी सांगितला होता?

स्त्रीपुरुषहो, असा घोटाळा इतिहासात नवा नाही. 28 मार्च 1979 रोजी अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड या अणुवीज केंद्रात एक झडप उघडी अडकली. नियंत्रण कक्षातला दिवा विझला होता, म्हणून तेथल्या माणसांनी ती बंद झाली असे मानले. वस्तुतः तो दिवा झडपेची स्थिती दाखवतच नव्हता. बंद होण्याचा हुकूम गेला एवढेच दाखवत होता. दोन तासांहून अधिक काळ पाणी वाहत राहिले आणि अणुभट्टीचा गाभा अंशतः वितळला. त्याही आधी, दुसऱ्या महायुद्धात, अमेरिकन बॉम्बफेकी विमानांचे वैमानिक जमिनीवर उतरल्यानंतर फ्लॅप मिटण्याऐवजी चुकून चाके मिटत आणि विमान पोटावर बसे. त्याला वैमानिकाची चूक म्हणत. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने पाहिले की, दोन्ही दांड्या शेजारी शेजारी आणि सारख्याच आहेत. त्याने एका दांडीला छोटे रबरी चाक बसवले आणि दुसरीला पाचरीसारखा आकार दिला. वैमानिक तेच राहिले, चूक थांबली. 1947 साली फिट्स आणि जोन्स यांनी वैमानिकांच्या अशा 460 तथाकथित चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचे सार मला आमच्या भाषेत असे सांगता येईल : माणसाला शिक्षा करण्याआधी दांडी तपासा.

येथे मला विरुद्ध बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. व्यवस्थापनाचा सर्वांत जोरदार मुद्दा असा होता की, पडद्यापासून तीन पावलांवर खरे लाल मशरूम बटण होते, ते त्याने का दाबले नाही? मुद्दा खोटा नव्हता. मी त्याला हेच विचारले. तो म्हणाला, “भाऊ, पंप चालू आहे असं वाटलं असतं तर दाबलं असतं ना.” ज्याला संकट दिसतच नाही, तो संकटाचे बटण दाबणार कसा? तरीही मी मान्य केले की, त्याने टाकीची पातळी डोळ्यांनी पाहायला हवी होती. ती त्याने पाहिली नाही. पडद्यावर विश्वास ठेवला. पण त्या पडद्यावर विश्वास ठेवा, असे प्रशिक्षणात त्याला आम्ही सर्वांनीच सांगितले होते. ‘आम्ही’ म्हणतो, कारण जुने पॅनेल काढून पडदा बसवला तेव्हा आमच्या संघटनेने मनुष्यबळ कमी होणार नाही एवढे लेखी घेतले, आणि पडदा कसा चालतो हे पाहण्याची तसदी घेतली नाही. हा दोष माझा आहे.

दुसरी गोष्ट. साचा लिहिणाऱ्याच्या रंगावर वरचढ होतो, याला मी आरंभी अन्यायच समजत होतो. आता तसे म्हणत नाही. स्थायी आदेश आणि फोरमनचा हुकूम यांत विरोध आला तर स्थायी आदेश वरचढ, यासाठीच तर आपण झगडलो. 1946 च्या कायद्याने कारखान्यांना स्थायी आदेश लेखी करायला लावले, ते फोरमनची लहर हा कायदा होऊ नये म्हणून. साचा हा तसाच स्थायी आदेश आहे. चूक तो असण्यात नाही. चूक ही की, तो कोणी वाचलेला नव्हता आणि यंत्राजवळ लावलेला नव्हता.

अग्रक्रमाच्या या प्रश्नाचा वेबच्या जगात फार सुंदर निकाल लागलेला आहे. 1994 च्या ऑक्टोबरात हाकोन व्ह्यूम ली यांनी वेबपानांच्या रूपाची एक योजना मांडली. तिच्यात लेखकाचे म्हणणे आणि वाचकाची आवड या दोन्हींना स्थान होते. तीच पुढे सीएसएस झाली. 1996 च्या तिच्या पहिल्या आवृत्तीत असा नियम होता की, लेखक आणि वाचक दोघांनीही ‘हे महत्त्वाचे आहे’ असे बजावून सांगितले, तर लेखकाचे चालावे. 1998 च्या दुसऱ्या आवृत्तीत हा नियम उलटवण्यात आला. तेव्हापासून अशा वेळी वाचकाचे चालते. ज्याला मोठी अक्षरे हवीत, ज्याला ठळक रंगभेद हवा, त्याची गरज लेखकाच्या सौंदर्यदृष्टीपेक्षा मोठी ठरली. 1999 साली वेबवरच्या सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वे आली, आणि त्यांत सांगितले गेले की, कोणतीही माहिती केवळ रंगाने सांगू नये. लागरलुंडानंतर रंग न ओळखणाऱ्या माणसाला कामावरून बाजूला काढले गेले. सव्वाशे वर्षांनी म्हटले गेले की, त्या माणसालाही वाचता येईल असे पान करा. या दोन वाक्यांमधले अंतर म्हणजेच प्रगती, असे मी समजतो.

आता चौकशीचे काय झाले ते सांगून आटोपते घेतो. मी अहवालात तीन गोष्टी मांडल्या. एक, बटणाचा रंग आणि पंपाची स्थिती या वेगळ्या गोष्टी आहेत. पंप खरोखर थांबला की नाही, हे पंपाकडून आलेल्या खुणेने, वेगळ्या जागी, अक्षरांत दाखवले जावे. दोन, बटणाने नुसत्या रंगाने बोलू नये. शब्द, जागा आणि आकार यांनीही बोलावे, आणि बोट दाबून धरले तरी हुकूम गेलाच पाहिजे. तीन, पडद्यावर कोणताही बदल करण्यापूर्वी तो वापरणाऱ्या माणसाच्या बोटाखाली, त्याच्या हातमोज्यासकट, रात्रपाळीच्या उजेडात तपासला जावा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या तरुणाने नवा साचा स्वतः लिहून दिला. त्याचे मला विशेष वाटले, कारण त्याने एकदाही ‘ही माझी चूक नाही’ असे म्हटले नाही, आणि ती खरोखरच एकट्याची त्याची नव्हती. आरोपपत्र मागे घेण्यात आले. का, हे पत्रात लिहिलेले नव्हते. अशा पत्रांत ते कधीच लिहिलेले नसते.

मला त्या तरुणासारखी मुले आता आमच्या संघटनेच्या कार्यालयातही भेटतात. परवाच डिप्लोमा करणारा एक मुलगा मोबाईलसाठी प्रोग्रॅम लिहीत बसला होता आणि वैतागला होता. बटणाला हिरवा रंग दिला, तरी बटण जांभळेच. त्या साधनाच्या थीममध्ये जांभळा मुख्य रंग म्हणून आधीच बसलेला होता आणि त्याची छटा हिरव्यावर चढत होती. मी त्याला म्हटले, “बाळ, तुझ्या आधी कोणीतरी करार करून ठेवला आहे. तो आधी वाच.” तो हसला. मला संगणकातले काय कळते, असे त्याला वाटले असावे. ते खरेही आहे. मला करारांतले कळते.

पडद्यावरची बटणे आता कारखान्यापुरती राहिलेली नाहीत. पेन्शनीचा अर्ज, रेशनचा अंगठा, बँकेची देवघेव, इस्पितळातला नंबर, सगळीकडे काच आहे आणि काचेवर रंगीत चौकोन आहेत. पुढच्या वेळी एखादी म्हातारी बाई त्यावर बोट दाबून उभी राहिली आणि मागच्या रांगेतून कोणी ‘आजी, एवढंही येत नाही का’ असे म्हणाला, तर आपण जरा पुढे व्हावे आणि ते बटण तिच्या बोटाखाली कोणत्या रंगाचे झाले आहे, ते पाहावे. दोष तिचा असेलही. पण पाहिल्याशिवाय तसे म्हणू नये, एवढीच माझी विनंती आहे.